कामाच्या जागेवरची सुरक्षा आणि आरोग्य: मालकावर कायद्याने काय काय येतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सेफ्टी म्हटलं की बऱ्याच मालकांच्या डोक्यात दोनच गोष्टी येतात, हेल्मेट आणि इन्स्पेक्टर. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, म्हणजे आयएलओचा २०२३ चा अंदाज बघा, जगात दरवर्षी जवळजवळ ३० लाख माणसं कामामुळे मरतात आणि त्यातली सुमारे २६ लाख अपघाताने नाही तर कामातून जडलेल्या आजारांनी जातात. धूळ, केमिकल, आवाज, सलग लांब ड्युट्या. हेल्मेट घालून यातलं काहीच थांबत नाही, म्हणून खाली जरा सविस्तर लिहिलंय. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, दंड वेगळे, फॉर्म वेगळे, ते तुम्हाला तुमच्याकडचेच बघावे लागतील. पण सगळ्यांचा सांगाडा बराचसा सारखा आहे आणि इथे त्या सांगाड्याबद्दलच बोलतोय.

कायदा मालकाकडून नेमकं मागतो काय?

तुमच्या ताब्यातली जागा, तुमची मशीन, तुमची कामाची पद्धत, तुमचं केमिकल यातून कुणाला इजा होऊ नये आणि आजार जडू नये यासाठी जे करता येण्यासारखं आहे ते तुम्ही आधीच करून ठेवायचं. आयएलओचा १९८१ चा १५५ नंबरचा करार हेच सांगतो आणि बहुतेक देशांचे कायदे फिरून फिरून इथेच येतात. जून २०२२ मध्ये तर आयएलओने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा मूलभूत हक्कांमध्येच घातला, त्यामुळे ज्या सदस्य देशांनी तो करार मंजूर केलेला नाही त्यांनाही हे तत्त्व मानावंच लागतं.

पूर्वीचे कायदे असे नव्हते. अमुक मशीनला अमुक जाळी, तमुक खोलीला तमुक खिडकी, अशी लांबलचक यादी असायची आणि यादीत नसलेलं मशीन आलं की सगळे मोकळे. ब्रिटनमध्ये १९७२ साली रोबेन्स समितीने सांगितलं की हे तुकड्यातुकड्यांचे कायदे फार झालेत, धोका जो निर्माण करतो त्याच्यावरच सरसकट जबाबदारी टाका. त्यातून १९७४ चा कायदा आला. अमेरिकेत १९७० मध्ये आणि युरोपात १९८९ च्या निर्देशाने साधारण हेच झालं. त्यामुळे ‘आमच्या मशीनबद्दल कायद्यात कुठे लिहिलंय दाखवा’ हा युक्तिवाद आता फारसा चालत नाही.

आमच्याकडे जेमतेम चार माणसं आहेत, आम्हालाही हे सगळं लागू?

हो. माणसं कमी असली की कागद कमी होतो, जबाबदारी नाही. ब्रिटनचंच बघा, पाचपेक्षा कमी माणसं असतील तर रिस्क असेसमेंट, म्हणजे आपल्या जागेतले धोके शोधून केलेली तपासणी, लिहून ठेवायची सक्ती नाही, पण करायची सक्ती आहेच. अमेरिकेत १० किंवा कमी कामगार असलेल्या धंद्यांना अपघातांचं रोजचं रजिस्टर ठेवण्यातून सूट आहे, पण कामावर कुणाचा मृत्यू झाला तर ८ तासांत कळवायचं बंधन त्यांनाही तितकंच आहे.

आणि खरं सांगायचं तर छोट्या जागी धोका जास्तच असतो, कारण एकच माणूस सकाळी मशीन चालवतो, दुपारी गाडी उतरवतो, संध्याकाळी शिडीवर चढून ट्यूब बदलतो आणि यातल्या कशाचंच ट्रेनिंग त्याला कुणी दिलेलं नसतं.

‘शक्य तितकं’ करा म्हणतात, म्हणजे किती? पैसे नाहीत म्हटलं तर चालतं का?

नाही चालत. हा प्रश्न १९४९ मध्ये ब्रिटनच्या कोर्टात एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड या खटल्यात आला होता. खाणीतल्या रस्त्याची आधार न दिलेली बाजू कोसळून एक कामगार गेला आणि वाद हा होता की असे सगळे रस्ते टेकू लावून घेणं मालकाला कितपत शक्य होतं. कोर्टाने जे तत्त्व घातलं ते आजही वापरतात: एका पारड्यात धोका ठेवा, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ, त्रास. खर्चाचं पारडं धोक्याच्या मानाने अगदीच बेसुमार जड असेल तरच तुम्ही तो उपाय सोडू शकता, थोडंसं जड आहे म्हणून नाही.

दुसरं म्हणजे तुमच्या खिशात किती आहेत हे इथे मोजलंच जात नाही. त्याच मशीनमुळे मोठ्या कंपनीत हात तुटू शकतो आणि छोट्या शेडमध्येही तोच हात तुटतो. ज्या कामाचा गार्ड, म्हणजे मशीनवरची संरक्षक जाळी किंवा झाकण, परवडत नाही ते काम तसं करायचं नाही, कायद्याचा अर्थ इतका सरळ आहे.

रिस्क असेसमेंट म्हणजे काय? नेटवरून फॉर्मॅट घेऊन भरला तर चालेल?

फॉर्मॅट घ्या हवं तर, पण दुसऱ्याची उत्तरं घेऊ नका. रिस्क असेसमेंट म्हणजे आपल्या जागेत फिरून कशामुळे इजा होऊ शकते ते शोधायचं, कुणाला होऊ शकते ते बघायचं, आत्ता काय उपाय आहेत आणि ते पुरतायत का ठरवायचं, राहिलेलं कोण कधीपर्यंत करणार ते लिहायचं आणि काही बदललं की परत बघायचं. एवढंच. पण यात लोक हमखास जिथे चुकतात ते सांगतो.

एक म्हणजे ते मशीन चालू आणि सगळं सुरळीत असतानाच बघतात. अपघात मात्र भलत्याच वेळी होतात, मशीनमध्ये माल अडकल्यावर, साफसफाई करताना, बेल्ट बदलताना, लाईट गेल्यावर, रात्रपाळीला दोनच माणसं असताना. ते सगळं असेसमेंटमध्ये यायला हवं. दुसरं म्हणजे ऑफिसात बसून भरतात. अहो जो माणूस त्या मशीनवर रोज उभा असतो त्याला विचारा ना की तुला इथे कशाची भीती वाटते, दहा मिनिटांत तो असं काही सांगेल जे कुठल्याच चेकलिस्टमध्ये नसतं. तिसरं म्हणजे ‘कामगार’ असा एकच साचा धरतात. गरोदर बाई, नुकताच लागलेला पोरगा, कमी ऐकू येणारा जुना माणूस, ठेकेदाराचा हेल्पर, सगळे गेल्यावर एकटी येणारी सफाईवाली, यांचा धोका एकमेकांसारखा नसतो.

अपघातानंतर तपासणारा पहिल्यांदा हाच कागद मागतो. आणि त्यात दुसऱ्याच कारखान्याचं नाव किंवा तुमच्याकडे नसलेलं मशीन सापडलं तर तो कागद तुमच्याच विरोधात जातो, कारण मग सिद्ध होतं की तुम्हाला करायचं माहीत होतं आणि तुम्ही केलं नाही.

हेल्मेट, ग्लोव्हज, मास्क, बूट सगळं दिलंय. मग आमची जबाबदारी संपली ना?

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पीपीई, म्हणजे अंगावर घालायची ही सगळी सुरक्षेची साधनं, हा शेवटचा उपाय आहे. क्रम असा असतो: धोका मुळातूनच काढता येतो का बघा, नाही तर त्याच्या जागी कमी धोक्याचं काही वापरा, नाही तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये काहीतरी उभं करा म्हणजे गार्ड, एक्झॉस्ट, कठडा, आवाजाला आवरण वगैरे, मग कामाची पद्धत बदला, पाळ्या बदला, आणि एवढं करून जे उरतं त्याच्यासाठी पीपीई.

का असा क्रम? कारण गार्ड लावला की तो माणूस दमलेला असो, घाईत असो, नवीन असो, सगळ्यांना सारखा वाचवतो. मास्क तसा नाही, तो नीट बसला पाहिजे, दाढी असली तर कडेने हवा आत येते, उकाड्यात माणूस तो खाली ओढतो, फिल्टर बदलायचा कुणाच्या लक्षात राहत नाही.

आवाजाचं उदाहरण घ्या. दिवसाला ८ तास ८५ डेसिबल ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरतात. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत, ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८५ ला ८ तास चालत असतील तर ८८ ला ४ तासच आणि ९१ ला दोनच, असा कडक हिशोब ब्रिटन-युरोपात आणि अमेरिकेतल्या नायॉश या संशोधन संस्थेतही लावतात. आता नुसते इअरप्लग वाटून मोकळं होण्यापेक्षा कॉम्प्रेसर भिंतीपलीकडे हलवला तर आतल्या सगळ्यांचेच कान वाचतात, तेही कुणाला काही लक्षात न ठेवता.

आणि हो, पीपीईचे पैसे पगारातून कापायचे नाहीत. सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये हे १५५ नंबरच्या करारात स्पष्ट आहे.

गार्ड लावला होता, कामगारानेच काढला. आता आमचा काय दोष?

पहिला प्रश्न असा येतो की का काढला? बहुतेक वेळा कारण असतं. गार्ड असताना माल अडकला की काढताच येत नाही, किंवा गार्ड लावला की स्पीड कमी होतो आणि टार्गेट मात्र तेवढंच राहतं. दुसरा प्रश्न, गार्ड काढलेला असताना मशीन चालूच कसं झालं, इंटरलॉक, म्हणजे गार्ड नसेल तर मशीन सुरूच होऊ न देणारी सोय, का नव्हता? तिसरा प्रश्न, सुपरवायझर रोज तिथून जातो, त्याला दिसलं नाही का? दिसलं आणि तो काही बोलला नसेल तर कायद्याच्या नजरेत ते कंपनीने चालवून घेतलं असंच धरलं जातं.

कामगारावरही जबाबदारी असते हे खरंय. त्याने सूचना पाळायच्या, दिलेलं साहित्य वापरायचं, धोका दिसला तर सांगायचं. पण युरोपच्या १९८९ च्या निर्देशात सरळ लिहिलंय की कामगाराच्या जबाबदाऱ्यांमुळे मालकाच्या जबाबदारीच्या तत्त्वाला धक्का लागत नाही. माणूस घाई करणार, कंटाळणार, विसरणार, हे आधीच धरून चालायचं असतं. ‘त्याच्या निष्काळजीपणामुळे झालं’ असं लिहून फाईल बंद केली की मशीन तसंच राहतं आणि पुढच्या माणसाची बोटं जातात, हे फार ठिकाणी होतं आणि वाईट वाटतं.

मेंटेनन्सच्या वेळी मशीन बंद केलेलं असतंच की, अजून काय करायचं?

बटण बंद करणं म्हणजे मशीन सुरक्षित करणं नाही. कुणीतरी येऊन सुरू करू शकतं. स्प्रिंगमध्ये ताण असतो, पाईपमध्ये प्रेशर असतं, वर उचललेला भाग खाली येऊ शकतो. म्हणून लॉकआऊट टॅगआऊट करतात, मेन सप्लाय बंद करून त्यावर काम करणाऱ्याने स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात, चार जण काम करत असतील तर चार कुलपं, साठलेली ऊर्जा सोडून द्यायची आणि मग एकदा सुरू करून बघायचं की खरंच सुरू होत नाही ना. ज्याने कुलूप लावलं त्यानेच काढायचं.

आणि पाळी बदलताना जे अर्धवट राहिलंय ते पुढच्या पाळीला कळलंच पाहिजे. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता, ते रात्रपाळीला कळलं नाही, दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हाच सुरू करायला घेतला आणि गॅस बाहेर आला. वर्क परमिट, म्हणजे धोक्याचं काम सुरू करायची लेखी परवानगी, म्हणून जो कागद असतो तो यासाठी असतो. एकाच वेळी दहा परमिटवर न बघता सह्या करणारा इनचार्ज असेल तर परमिट नसल्यातच जमा.

टाकी, ड्रेनेज, सायलो साफ करायला आम्ही बाहेरची माणसं बोलावतो. त्यात आमचं काय?

सगळंच. टाकी तुमची, आत काय होतं ते तुम्हाला माहीत, मग ते त्यांना सांगणं आणि आत जाण्यालायक आहे की नाही ते ठरवणं तुमच्यावरही येतं.

या कामाबद्दल जरा थांबून बोलायला पाहिजे कारण इथे एकाच वेळी दोन दोन तीन तीन माणसं जातात. पहिला आत कोसळतो, दुसरा त्याला काढायला धावतो, तो कोसळतो, मग तिसरा. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की धोका सुरू, आणि बंद जागेत तो गंज चढण्यामुळे किंवा काहीतरी कुजल्यामुळे गुपचूप कमी होतो, त्याला ना रंग ना वास. हायड्रोजन सल्फाईडला सडक्या अंड्यासारखा वास असतो म्हणून लोकांना वाटतं वास आला तर बाहेर येऊ, पण गॅसचं प्रमाण वाढलं की नाकाला तो वास कळेनासाच होतो. त्यामुळे वास गेला म्हणजे गॅस गेला असं कधीच समजू नका.

आधी विचारा की माणूस आत न पाठवता हे काम होईल का. बाहेरून पाण्याच्या प्रेशरने, मशीनने, कशानेही. नसेलच होत तर सगळ्या लाईन तोडून किंवा बंद करून घ्या, हवा खेळवा, मीटरने वरची मधली आणि खालची हवा मोजा आणि काम चालू असताना मोजत राहा, बाहेर एक माणूस ठेवा ज्याने जागा सोडायची नाही आणि आतही जायचं नाही, आणि कोसळला तर बाहेरून ओढून काढायची सोय म्हणजे हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि विंच (दोर ओढायचं यंत्र) आधीच लावून ठेवा. फायर ब्रिगेडला फोन करू हा रेस्क्यू प्लॅन नसतो, कारण ऑक्सिजनशिवाय मेंदू काही मिनिटंच तग धरतो.

ठेकेदाराच्या माणसांची जबाबदारी ठेकेदाराची ना? करारात तसं लिहून घेतलंय.

करारात पैसे कोण देणार ते ठरतं, कायद्याने येणारी जबाबदारी करार करून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. ठेकेदाराची स्वतःची जबाबदारी असतेच, पण जागा तुमच्या ताब्यात आहे तोवर तुमचीही असते आणि दोघांवर एकाच वेळी केस होऊ शकते. एकाच जागी दोन-तीन कंपन्या काम करत असतील तर त्यांनी सुरक्षेबाबत एकमेकांशी समन्वय ठेवायचा, हेही १५५ नंबरच्या करारात आहे. उदाहरण साधं आहे, वर एकाची माणसं परांचीवर वेल्डिंग करतायत आणि खाली दुसऱ्याची माणसं थिनरने पेंट करतायत, दोघांनी आपापली सेफ्टी पाळली तरी आग लागू शकते, कारण दोघांना एकमेकांचं कळवायचं काम कुणी केलेलंच नाही.

सगळ्यात कमी भावाचं टेंडर घेताना हेही बघा की त्या भावात हार्नेस, परांची, ट्रेनिंग बसतं तरी का. नसेल बसत तर तो कुठून कापणार हे उघड आहे.

कामगार नसलेलेही यात येतात बरं का. कुरिअरवाला, गिऱ्हाईक, शेजारी, रस्त्यावरून जाणारा, तुमच्या कामामुळे ज्याला ज्याला इजा होऊ शकते तो.

ट्रेनिंगची हजेरी आणि सह्या आहेत. पुरेसं आहे?

सही म्हणजे माणूस खोलीत होता एवढंच सिद्ध होतं. त्याला कळलं का, तो ते करून दाखवू शकतो का, हे महत्त्वाचं. त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितलं का? कामगारांच्या सुरक्षेचे नियम बघणारी अमेरिकेची ओशा ही सरकारी संस्था तर स्पष्ट म्हणते की ट्रेनिंग कामगाराला समजेल अशा भाषेत आणि अशा शब्दांत दिलं पाहिजे, वाचता येत नसेल तर नुसता छापील कागद दिला म्हणजे ट्रेनिंग दिलं असं होत नाही. लागल्यावर, काम बदलल्यावर, नवीन मशीन आल्यावर आणि मधून मधून उजळणी म्हणून, आणि हे सगळं कामाच्या वेळेत, पगार धरून. नवीन माणसाकडे पहिले काही महिने जास्त लक्ष द्या, इजा होण्याचं प्रमाण त्या काळात जास्त असतं.

आगीसाठी सिलिंडर लावलेत, अजून काय लागतं?

बाहेर पडायचा रस्ता. मोकळा, न कुलूप लावलेला, दिसणारा. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कमध्ये ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली त्यात १४६ जण गेले, बऱ्याचशा तरुण मुली, बाहेर पडायचं एक दार नेमकं त्या वेळीच कुलूपबंद होतं. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी चोरी होऊ नये म्हणून मागचं दार बंद ठेवणारे मालक आजही आहेत. चोरीसाठी कॅमेरा लावा, अलार्म लावा, दार मात्र आतून एका धक्क्यात उघडलंच पाहिजे. आणि मॉक ड्रिल रात्रपाळीचंही करा.

केमिकलचं काय काय करावं लागतं?

प्रत्येक डब्यावर लेबल, प्रत्येक केमिकलची सेफ्टी डेटा शीट म्हणजे धोक्यांचा आणि उपायांचा माहितीकागद, आणि तो वापरणाऱ्याच्या हाताशी, मालकाच्या कपाटात नाही. केमिकलचे धोके कसे दाखवायचे हे ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस पद्धतीत या शीटचे १६ भाग ठरलेले आहेत आणि लाल चौकटीतली चित्रं जगभर सारखी आहेत. आधी २ नंबरचा धोक्याचा भाग, ४ नंबरचा प्रथमोपचार आणि ८ नंबरचा बचावाचा भाग वाचायला शिकवा.

एक गोष्ट मात्र आजच बंद करा: मोठ्या ड्रममधून केमिकल काढून पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवणं. तहानलेला माणूस वास घेत बसत नाही.

आमच्याकडे फक्त ऑफिस आहे, कॉम्प्युटरवरचं काम. आम्हाला काय धोका?

पाठ, मान, मनगट, डोळे. वायरिंग आणि आग. जिन्यावरून पडणं. आणि कामाचा ताण, जो सगळ्यात उशिरा मोजला जातो. रात्री अकराला मेसेज, दोन माणसांचं काम एकावर, सगळ्यांसमोर अपमान, हे सगळं आता बऱ्याच देशांत कामाच्या जागेवरच्या आरोग्याचाच भाग धरतात. २०१९ चा आयएलओचा १९० नंबरचा करार तर कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाबद्दलच आहे आणि त्यात कामाचे फोन, मेसेज, प्रवास, ट्रेनिंग हेही धरलंय. घरून काम असेल तरी खुर्ची-टेबल आणि कामाचे तास याबद्दल मालकाला विचार करावाच लागतो.

कामगार ‘इथे धोका आहे, मी काम करणार नाही’ म्हणाला तर त्याला काढता येतं का?

जीवाला किंवा तब्येतीला ताबडतोब आणि गंभीर धोका आहे असं त्याला रास्त कारणाने वाटत असेल तर तो तिथून बाजूला होऊ शकतो आणि त्याबद्दल त्याला त्रास देता येत नाही, १५५ नंबरच्या करारातलं १३ वं कलम. धोका दूर होईपर्यंत त्याला परत तिथे जायला लावता येत नाही.

बांगलादेशातल्या राणा प्लाझा या इमारतीची गोष्ट यासाठीच आठवायची. २३ एप्रिल २०१३ ला इमारतीला भेगा दिसल्या, खालच्या बँकेने आणि दुकानांनी आपलं काम बंद ठेवलं, वरच्या गारमेंट कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आत जायला लावलं, कित्येक जण नको म्हणत होते तरी. २४ तारखेला इमारत कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली. तुमचा कामगार नको म्हणाला तर रागवायच्या आधी जाऊन बघा, कारण कायद्याच्या भाषेत त्या क्षणापासून धोका तुम्हाला माहीत होता.

अपघात झालाच तर पहिल्यांदा काय करायचं?

माणसाला मदत, बाकी सगळं नंतर. मशीन बंद करा, अजून कुणी सापडणार नाही ते बघा, प्रथमोपचार, हॉस्पिटल, आणि घरच्यांना नीट, लगेच, खरं सांगा. मग जागा जशीच्या तशी ठेवा, धुवायची नाही, गार्ड परत लावून ठेवायचा नाही, असं केलं तर पुरावा नष्ट केल्याची वेगळीच केस लागते. सरकारी खात्याला कळवायची मुदत फार कमी असते, अमेरिकेत मृत्यूसाठी ८ तास आणि ॲडमिट करावं लागलं, अवयव तुटला किंवा डोळा गेला तर २४ तास. तुमच्याकडची मुदत आणि फोन नंबर आत्ताच भिंतीवर लावून ठेवा, त्या दिवशी शोधायला डोकं ठिकाणावर नसतं.

नंतरचा तपास ‘कुणी केलं’ यावर न थांबता ‘का होऊ शकलं’ इथपर्यंत न्या. आणि थोडक्यात वाचलेल्या घटना, ज्याला नियर मिस म्हणतात, त्याही लिहा. वरून पाना पडला आणि कुणाला लागला नाही, यात फक्त नशीब वेगळं असतं, कारण तेच असतं.

इन्स्पेक्टर न सांगता येऊ शकतो का? आणि तक्रार कुणी केली ते विचारता येतं का?

येऊ शकतो. आयएलओच्या १९४७ च्या ८१ नंबरच्या करारानुसार इन्स्पेक्टरला आधी न कळवता दिवसा-रात्री कधीही कामाच्या जागेत जाता येतं, लोकांशी एकट्याने बोलता येतं, कागद बघता येतात, नमुने नेता येतात. तक्रार कुणी केली हे त्याने सांगायचंच नसतं, तक्रारीवरून आलोय हेसुद्धा नाही. त्यामुळे ते शोधत बसू नका. जे विचारतो ते दाखवा, माहीत नसेल तर बघून सांगतो म्हणा, आणि मुदत दिली तर मुदतीत करून लेखी कळवा.

इन्शुरन्स आहे, आयएसओ ४५००१ आहे, सेफ्टी कन्सल्टंटही आहे. आता तरी निर्धास्त राहू?

इन्शुरन्समधून नुकसानभरपाई मिळते, फौजदारी केस आणि शिक्षा सहसा त्यात येत नाही. आयएसओ ४५००१ हे कामाच्या जागेवरच्या सुरक्षेसाठी २०१८ मध्ये आलेलं ऐच्छिक मानक आहे, चांगलं आहे, शिस्त लागते, पण सर्टिफिकेट म्हणजे कायदा पाळल्याचा दाखला नाही. आणि कन्सल्टंट सल्ला देतो, बाहेरचा तज्ज्ञ नेमल्याने मालकाची जबाबदारी सुटत नाही हेही युरोपच्या त्याच निर्देशात आहे. त्याने रिपोर्टमध्ये वीस त्रुटी लिहिल्या आणि तुम्ही फाईल करून ठेवल्या तर तो रिपोर्ट पुढे कुणाच्या उपयोगी पडेल ते तुम्हीच बघा. बऱ्याच देशांत डायरेक्टर आणि मॅनेजर यांच्यावर व्यक्तिशः केस होऊ शकते.

सेफ्टी कमिटी हवीच का?

ठरावीक संख्येच्या पुढे बहुतेक ठिकाणी सक्तीची असते, तुमच्याकडचा आकडा बघून घ्या. सक्ती नसली तरी कामगारांशी बोलणं हे बंधन आहेच. कमिटीत कामगारांनी निवडलेली माणसं हवीत, मालकाने निवडलेली हो ला हो म्हणणारी नकोत, आणि मीटिंगमध्ये मागच्या वेळचं काय झालं हा पहिला विषय असू द्या.

मेडिकल चेकअप कुणाच्या खर्चाने, आणि रिपोर्ट आम्हाला बघता येतो का?

खर्च मालकाचा, आणि शक्यतो कामाच्या वेळेत, पगार न कापता, आयएलओच्या १६१ नंबरच्या करारात हे आहे. कामाला साजेसा चेकअप हवा, आवाजात काम करणाऱ्याची कानाची टेस्ट, सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्याची फुफ्फुसाची टेस्ट आणि एक्सरे. सगळ्यांचं नुसतं वजन आणि बीपी घेऊन काही हाती लागत नाही. कामगाराला त्याचा रिपोर्ट मिळाला पाहिजे. मालकाला तो त्या कामाला योग्य आहे की नाही आणि काय बदल करायचे एवढं कळलं की पुरे, त्याचे बाकीचे आजार मालकाने चाळायचे नसतात. आणि रिपोर्टमध्ये ऐकू कमी येतंय असं आलं तर त्या माणसाला काढू नका, आवाज कमी करा.

ही सगळी कागदपत्रं किती वर्षं ठेवायची?

प्रत्येक प्रकारच्या कागदाची मुदत वेगळी, पण आरोग्याच्या रेकॉर्डची मुदत ऐकून लोक दचकतात. अमेरिकेत केमिकल, धूळ वगैरेच्या मोजमापाचे रेकॉर्ड ३० वर्षं आणि वैद्यकीय रेकॉर्ड नोकरी असेपर्यंत आणि वर ३० वर्षं, ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉससारख्या कामांत ४० वर्षं. इतकं का, तर ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा कॅन्सर कधी कधी २०, ३०, ४० वर्षांनी वर येतो, तोवर माणूस रिटायर झालेला असतो, कंपनीचं नाव बदललेलं असतं, आणि त्याने कुठे, किती वर्षं, कशात काम केलं याचा एकमेव पुरावा तो जुना कागद असतो. त्या माणसाची नुकसानभरपाई त्या कागदावर ठरते. म्हणून धंदा विकताना हे रेकॉर्ड नवीन मालकाच्या हवाली करायचे असतात, आणि कायमचा बंद करत असाल आणि पुढे घेणारा कुणी नसेल तर अमेरिकेत असा नियम आहे की किमान तीन महिने आधी कामगारांना कळवायचं की तुमचे रेकॉर्ड आहेत, ते बघायचा आणि मिळवायचा तुम्हाला हक्क आहे, येऊन घेऊन जा.